नाईट शिफ्ट, दिवसा तुटणारी झोप आणि छातीवर कोणी बसल्यासारखं होणं: बुटीबोरीच्या शिफ्टवाल्यांसाठी सविस्तर उत्तर

ताई, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. बाकीच्यांना समजावं म्हणून आधी थोडक्यात परत मांडतो. तुमचे मिस्टर नागपूरजवळच्या बुटीबोरी एमआयडीसीत आहेत, दर आठवड्याला शिफ्ट बदलते, फर्स्ट, सेकंड, नाईट. नाईट करून सकाळी आठच्या सुमारास घरी येतात, पडल्या पडल्या झोप लागते, पण अकरा-साडेअकराला टक्क जाग येते आणि मग कितीही कूस बदलली तरी डोळा लागत नाही. मधे दोनदा असं झालं की डोळे उघडे, पंखा दिसून राहिला, खोली दिसून राहिली, पण हात-पाय हलेनात, आवाज निघेना आणि छातीवर कोणीतरी बसलंय असं वाटलं. सासूबाई म्हणतात बाहेरचं काहीतरी आहे, दृष्ट काढून झाली, एका ठिकाणी नेऊनही आणलं. आणि अगदी शेवटी तुम्ही एका ओळीत लिहिलं की बाईकवर परत येताना वर्धा रोडचा जामठ्यापासून खापरीपर्यंतचा रस्ता त्यांना आठवतच नाही. विचारलंय की ही वेड लागायची सुरुवात आहे का, झोपेची गोळी सुरू करावी का, नोकरी सोडावी लागेल का.

वेड नाही, बाधा पण नाही, हे आधी सांगून टाकतो. मी नागपुरात बरीच वर्षं झोपेच्याच पेशंटचं काम करतोय. बुटीबोरी, हिंगणा, कोराडी, खापरखेडा, उमरेडकडच्या खाणी, मिहानमधली अमेरिकेच्या वेळेवर चालणारी ऑफिसं, सगळीकडची माणसं येतात आणि थोड्याफार फरकाने हीच कहाणी सांगतात. पण तुम्ही ज्या गोष्टीला एकच ओळ दिली तिच्यापासूनच मी सुरुवात करणार आहे, कारण छातीवर बसणाऱ्याने आजवर कोणाचा जीव घेतलेला नाही, वर्धा रोडने घेतलेत.

रस्ता आठवत नाही याचे दोन अर्थ असू शकतात. एक म्हणजे रोजचाच रस्ता, हात सवयीने गाडी चालवतात, डोकं घरच्या हिशेबात असतं, त्यामुळे आठवण बनत नाही, हे आपल्या सगळ्यांचं होतं. दुसरं म्हणजे माणूस खरंच काही सेकंद झोपलेला असतो, डोळे अर्धे उघडे ठेवून. त्याला मायक्रोस्लीप म्हणतात, दोन-चार सेकंदांपासून दहा-पंधरा सेकंदांपर्यंत कितीही असू शकते आणि वाईट भाग हा की झालेली माणसाला कळतच नाही. झोप लागायच्या आधीच्या काही क्षणांची आठवण मेंदू पक्की करत नाही, म्हणून तर रोज रात्री आपण नेमकं कधी झोपलो हे कोणालाच सांगता येत नाही. साठच्या स्पीडला गाडी सेकंदाला साडेसोळा मीटर जाते, म्हणजे चार सेकंदांत पासष्ट-सत्तर मीटर गाडीवर कोणीच नाही असं समजा, आणि बाजूला कंटेनर चालू आहेत.

त्यातही नाईटच्या आठवड्यातली पहिली रात्र सगळ्यात घातक. हिशेब करून बघा, सोमवारी सकाळी आठला उठले, दिवसभर घरची कामं, बँक, मुलांना आणणं-सोडणं, रात्री अकराला कामावर, मंगळवारी सकाळी सातला सुटले, झाले की २३ तास जागे. १९९७ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या डॉसन आणि रीड या संशोधकांनी लोकांना जागं ठेवून आणि वेगळ्या दिवशी दारू पाजून, हात-डोळ्याचा मेळ लागणारी एकच टेस्ट दोन्ही वेळा दिली होती. १७ तास जागलेल्या माणसाची कामगिरी रक्तात ०.०५ टक्के अल्कोहोल असलेल्या माणसाइतकी घसरली, आणि २४ तास जागल्यावर जवळपास ०.१० टक्क्यांइतकी. आपल्याकडे गाडी चालवायची कायदेशीर मर्यादा ०.०३ टक्के आहे. म्हणजे ज्या अवस्थेत पोलिसांनी गाडी जप्त केली असती त्याच्याहून वाईट अवस्थेत तुमचे मिस्टर थेंबभर न पिता घरी येऊन राहिले आहेत. म्हणून नाईटच्या आठवड्यात बाईक बंद. कंपनीची बस असेल तर बस, नसेल तर शेअरिंगमध्ये, कसंही. अगदीच इलाज नसेल तर निघायच्या आधी गेटजवळच वीस मिनिटं डोकं टेकवायचं, तोंडावर पाणी मारून अजिबात भागत नाही, त्याचा असर पाच-दहा मिनिटांत उतरतो. समृद्धी महामार्गावर रात्री गाडी नेणाऱ्यांनाही हेच लागू आहे, तिथे तर १२० चा स्पीड, सरळसोट रस्ता, नजर अडकायला काही नाही.

आता इथे जाणिवेबद्दल थोडं सांगतो, कारण तुम्ही विचारलंय की "ते जागे होते ना मग आठवत कसं नाही". आपण धरून चालतो की माणूस एकतर पूर्ण जागा नाहीतर पूर्ण झोपलेला. तसं नसतं. २०११ मध्ये अमेरिकेत विस्कॉन्सिन विद्यापीठात उंदरांवर एक सुंदर प्रयोग झाला, त्यांना नेहमीच्या झोपेच्या वेळी चार तास जागं ठेवलं, पंजाने साखरेची गोळी उचलायचं काम दिलं. उंदीर चालत-फिरत होते, डोळे उघडे, बाहेरून बघाल तर जागेच, पण मेंदूच्या बाहेरच्या थरातल्या काही पेशी मधूनमधून एकदम गप्प होत होत्या, जशा गाढ झोपेत होतात. आणि ज्या भागातून पंजा चालतो तिथे असं झालं की गोळी हुकायची. म्हणजे मेंदू तुकड्यातुकड्याने झोपू शकतो. तुमच्या मिस्टरांची मशीनवर रीडिंग चुकतात, घरी आल्यावर किल्ली फ्रिजमध्ये ठेवतात असं जे तुम्ही लिहिलंय ते मला याच वळणाचं वाटतं. त्याला बेफिकिरी म्हणू नका.

बरं, आता अकरा वाजता टक्क जाग का येते ते बघू. झोपेला दोन वेगळ्या गोष्टी चालवतात, हे १९८२ मध्ये स्वित्झर्लंडच्या अलेक्झांडर बोर्बेली यांनी नीट मांडलं आणि आम्ही अजून त्याच पायावर काम करतो. पहिली गोष्ट उधारीसारखी आहे, जागे राहाल तितका वेळ मेंदूत अॅडेनोसिन नावाचं द्रव्य साचत जातं, उधारी चढते, झोपलात की फिटत जाते. चहा-कॉफीतलं कॅफिन हे अॅडेनोसिन जिथे बसतं ती जागा अडवून धरतं, साचलेलं काही कमी करत नाही, म्हणून चहाचा असर उतरला की सगळी झोप एकदम अंगावर येते. दुसरी गोष्ट म्हणजे शरीराचं घड्याळ. ते तुम्ही किती दमलात याच्याकडे बघतच नाही, ते आपलं सकाळ झाली की तापमान वाढवतं, कॉर्टिसोल नावाचं संप्रेरक वाढवतं, जागवणारे संदेश पाठवतं आणि रात्री उलटं.

तर सकाळी साडेआठला ते पडले तेव्हा उधारी डोक्यावर असते, म्हणून झोप पटकन लागते. दोन-तीन तासांत त्यातला मोठा हिस्सा फिटतो. आणि तेवढ्यात अकरा वाजलेले असतात, शरीराचं तापमान चढतीवर, घड्याळ पूर्ण ताकदीने ऊठ ऊठ म्हणून राहिलं. झोपेला धरून ठेवणारं दडपण गेलं आणि जागवणारा जोर वाढला, माणूस उठणारच. त्यात त्यांची इच्छाशक्ती कमी वगैरे काही नाही. रात्री मात्र हीच दोन्ही चाकं एका दिशेने फिरतात, उधारी उतरत असते तसतसं घड्याळ झोप धरून ठेवायला मदत करतं, म्हणून आपण सात-आठ तास सलग झोपू शकतो.

हे घड्याळ प्रत्यक्षात आहे, नुसती बोलायची पद्धत नाही. दोन्ही डोळ्यांच्या नसा मेंदूत जिथे एकमेकींना ओलांडतात त्याच्या अगदी वर, हायपोथॅलॅमसमध्ये, साधारण वीस हजार पेशींचा तांदळाच्या दाण्याहून लहान गठ्ठा आहे, सुप्राकायझमॅटिक न्यूक्लियस त्याचं नाव. आत ठराविक जीन्स प्रथिनं बनवतात, ती साचली की तेच प्रथिन आपल्या जीनला बंद करतं, मग ते विरघळतं आणि पुन्हा सुरू, असं एक चक्र साधारण २४ तासांत फिरतं. फळमाशीत हे उलगडणाऱ्या हॉल, रॉसबॅश आणि यंग यांना २०१७ चं नोबेल मिळालं. पण बाहेरून उजेड न मिळताही आतलं घड्याळ चालतं ही शंका फार जुनी, १७२९ मध्ये द मेरां नावाच्या फ्रेंच शास्त्रज्ञाने लाजाळूसारखं झाड पूर्ण अंधारात ठेवून बघितलं होतं, तरी पानं दिवसा उघडायची आणि रात्री मिटायची.

माणसाचं घड्याळ स्वतःच्या मनाने चालू दिलं तर २४ तासांपेक्षा किंचित मोठं निघतं, सरासरी दहा-बारा मिनिटांनी. हे रोज जुळवून घ्यायचं काम उजेड करतो. डोळ्याच्या पडद्यात काही पेशी अशा आहेत की ज्यांचं मुख्य काम चित्र दाखवणं हे नाहीच, त्यांच्यात मेलॅनॉप्सिन नावाचं रंगद्रव्य असतं, निळसर उजेड त्यांना सगळ्यात जास्त कळतो आणि त्या थेट त्या गठ्ठ्याला सांगतात की बाहेर दिवस आहे. आणि उजेडाची वेळ महत्त्वाची. आपल्या शरीराचं तापमान नेहमीच्या उठायच्या वेळेच्या दोन-तीन तास आधी सगळ्यात खाली जातं, सहाला उठणाऱ्याचं पहाटे साडेतीन-चारच्या आसपास. त्याच्या आधी पडलेला उजेड घड्याळ मागे ढकलतो म्हणजे झोप उशिरावर जाते, त्याच्या नंतरचा उजेड घड्याळ पुढे ओढतो म्हणजे झोप लवकरवर येते.

आता तुमच्या मिस्टरांचा परतीचा रस्ता डोळ्यासमोर आणा. सव्वासातला गेटमधून निघाले, बुटीबोरीहून नागपूरकडे म्हणजे उत्तरेला तोंड, उजव्या हाताला कोवळं म्हणावं असं काही नसलेलं एप्रिल-मेचं ऊन, हेल्मेटची काच वर. रात्रभर शेडमध्ये ट्यूबलाईटचा काही शे लक्सचा (लक्स म्हणजे उजेड मोजायचं माप) उजेड मिळाला, आणि आता बाहेर हजारो लक्स, दुपारपर्यंत तर लाखाच्या घरात जातो. अर्धा-पाऊण तास रोज हे. रात्रभर जागून घड्याळ मागे सरकायची जी काय थोडी शक्यता होती ती या एका प्रवासात पुसली जाते. म्हणून बहुतेक नाईटवाल्यांचं घड्याळ महिनोन्महिने नाईट करूनही दिवसाचंच राहतं, आणि तुमच्या मिस्टरांची तर शिफ्टच आठवड्याला बदलते, सरकायला वेळच मिळत नाही.

उपाय म्हणून लोक सांगतात काळा गॉगल घाला. बसने येत असाल तर जरूर घाला, फायदा होतो. स्वतः गाडी चालवत असाल तर पेंगुळलेल्या अवस्थेत काळा गॉगल लावायचा सल्ला मी कधीच देत नाही.

आणि काही जणांचं जुळतं, काहींचं जुळतच नाही, हे पण खरं आहे. १९३८ मध्ये शिकागोचे नाथानियल क्लाईटमन आणि त्यांचा विद्यार्थी ब्रूस रिचर्डसन केंटकीतल्या मॅमथ केव्हमध्ये ३२ दिवस राहिले होते, २८ तासांचा दिवस धरून. विशीतल्या रिचर्डसनचं शरीर त्या वेळेला लागलं, चाळिशी ओलांडलेल्या क्लाईटमनचं तापमान मात्र २४ तासांच्याच हिशेबाने वर-खाली होत राहिलं. दोघं एकाच अंधारात, एकाच वेळापत्रकावर. म्हणून "बाजूच्या लाईनवरचा पोरगा तर मस्त झोपतो" ही तुलना घरात बंद करा, वय वाढतं तसं नाईट जड जाते.

आता छातीवर बसणारा. हे समजायला झोपेचे टप्पे माहीत हवेत, आणि ते पुस्तकातून सांगण्यापेक्षा मी तुम्हाला स्लीप लॅबमधल्या स्क्रीनवर काय दिसतं तेच सांगतो. रात्री पेशंटच्या डोक्याला, डोळ्यांच्या कडेला, हनुवटीखाली आणि पिंडऱ्यांवर तारा चिकटवतो. स्क्रीनवर ३० सेकंदांचं एक पान असं करत अख्खी रात्र वाचायची. जागा माणूस डोळे मिटून पडला की डोक्याच्या मागच्या बाजूला सेकंदाला ८ ते १३ अशा नियमित लहरी दिसतात. त्या विरल्या, डोळे संथपणे इकडून तिकडे लोळायला लागले की पहिला टप्पा, हा एवढा हलका की तेव्हा उठवलं तर निम्मे लोक म्हणतात मी झोपलोच नव्हतो. मग दुसरा टप्पा, त्यात अर्धा-एक सेकंदाचे घट्ट विणलेले झुपके येतात, त्यांना स्पिंडल म्हणतात, रात्रीची जवळपास अर्धी झोप यातच जाते. मग तिसरा, मोठ्या संथ डोंगरासारख्या लाटा, ही खरी गाढ झोप, रात्रीच्या पहिल्या भागात जास्त, यातून कोणाला हलवून उठवलं तर पाच-दहा मिनिटं बावचळल्यासारखं वागतो.

आणि मग साधारण दीड तासाने स्क्रीन एकदम बदलते. मेंदूच्या रेघा जवळपास जाग्या माणसासारख्या होतात, डोळ्यांच्या रेघा झटके मारायला लागतात, आणि हनुवटीची रेघ, जी इतका वेळ थोडी थरथरत होती, ती सपाट होते. पूर्ण सपाट. ही रेम झोप, १९५३ मध्ये अॅसेरिन्स्की आणि त्याच क्लाईटमन यांनी जगासमोर आणली. ठळक, गोष्टीसारखी स्वप्नं जास्त इथेच. स्वप्नात आपण धावतो, भांडतो, पण पलंगावरून उठून धावत नाही, कारण मेंदूच्या देठातून पाठीच्या कण्यातल्या स्नायू चालवणाऱ्या पेशींना गप्प बसवलं जातं. डोळ्यांचे स्नायू आणि श्वासाचा मुख्य पडदा तेवढे चालू राहतात, बाकी सगळं ढिलं. दर दीड तासाने हे चक्र फिरतं आणि पहाटेकडे रेमचा हिस्सा वाढत जातो.

तुमच्या मिस्टरांचं काय होतं, तर जाणीव जागी होते आणि स्नायूंवरचा तो बंद अजून उठलेला नसतो. दोन्ही एकत्र यायला नको होते, आले. डोळे उघडता येतात म्हणून पंखा दिसतो, खोली दिसते, हे स्वप्न नव्हतं असं ते शपथेवर सांगतील आणि ते बरोबरच आहे. छातीच्या फासळ्यांमधले स्नायू ढिले, श्वास फक्त पडद्यावर चाललेला, माणूस घाबरून मुद्दाम खोल श्वास घ्यायला जातो आणि तो घेता येत नाही, म्हणून छातीवर वजन. भीतीचं केंद्र पेटलेलं, रेममधली चित्रं अजून वाहत असलेली, त्यामुळे खोलीत कोणीतरी आहे ही भावना. याला स्लीप पॅरालिसिस म्हणतात. शंभरातल्या सात-आठ जणांना आयुष्यात एकदा तरी येतो, झोप तुटक असणाऱ्यांना जास्त, पाठीवर झोपणाऱ्यांना जास्त. जपानात हेच होतं आणि लोक म्हणतात आत्म्याने बांधून ठेवलं, इजिप्तमध्ये जिन म्हणतात, आपल्याकडे अजून काही म्हणतात. सासूबाईंना खोटं पाडू नका, त्यांनी लेकराच्या काळजीनेच केलंय, फक्त सांगा की अनुभव खरा आहे आणि त्याचं कारण सापडलंय. त्यांनी पुन्हा कुठे न्यायचं म्हटलं तर माझी एकच विनंती, नाईटच्या आठवड्यात दिवसा नेऊ नका, ती त्यांची झोपायची वेळ आहे, त्या जागरणानेच पुढचा झटका यायचा.

दिवसाच्या झोपेत तो का आला हेही सांगतो. रेमवर घड्याळाची पकड आहे, पहाटे आणि सकाळच्या पहिल्या तासांत रेमचा जोर सगळ्यात जास्त असतो. रात्र जागून सकाळी साडेआठला झोपलं की कधीकधी माणूस नेहमीपेक्षा फार लवकर रेममध्ये शिरतो, वरून भोंगा वाजला की अर्धवट जाग. आलाच तर करायचं काय, अंग जोर लावून हलवायचा प्रयत्न सोडायचा, नजर डावी-उजवी फिरवायची, पायाचा एक अंगठा हलवायचा प्रयत्न करायचा, श्वास आपोआप चालू आहे हे स्वतःला सांगायचं. काही सेकंदांत, फार तर एक-दोन मिनिटांत सुटतं. तुम्ही जवळ असाल तर खांद्याला हात लावून नावाने हाक मारा, बहुतेक वेळा लगेच सुटतं. आणि कुशीवर झोपायची सवय लावा.

आता प्रत्यक्ष वेळापत्रक. आठवड्याला बदलणाऱ्या शिफ्टमध्ये घड्याळ पूर्ण उलटं करायच्या मागे लागू नका, ते होणार नाही. झोप दोन भागांत घ्या. सकाळी आल्या आल्या हलकं काहीतरी खाऊन, म्हणजे भुकेने जाग येणार नाही (तर्री पोहा नको, ते सुट्टीच्या दिवशी), साडेआठ ते जमेल तोपर्यंत झोप. अकराला जाग आली तर वीस मिनिटं बघा, नाही लागली तर उठा, पडून घड्याळ बघत बसलं की पलंगाशी वैर तयार होतं आणि ते नाईट संपल्यावरही सुटत नाही. दुसरी झोप दुपारी दोन-अडीच ते चार-साडेचार. ही वेळ मुद्दाम सांगतोय, कारण दुपारी घड्याळाचा जोर जरा ओसरतो. बरेच जण संध्याकाळी सात-आठला झोपून मग कामावर जायचं ठरवतात आणि तळमळतात, नेहमीच्या झोपेच्या वेळेआधीचे दोन-तीन तास घड्याळ सगळ्यात जास्त जागं ठेवतं, तेव्हा झोप लागणं सगळ्यात अवघड. आणि पहिल्या नाईटच्या दिवशी तर दुपारची झोप चुकवूच नका, ते २३ तास तिथेच तुटतात.

रात्री कामावर जमत असेल तर दोन-अडीचच्या ब्रेकमध्ये पंधरा-वीस मिनिटं डुलकी, त्याच्यापेक्षा जास्त नको, गाढ झोपेत शिरून उठलं की डोकं जड होतं, उठल्यावर दहा मिनिटं मशीनला हात लावायचा नाही. चहा शिफ्टच्या पहिल्या अर्ध्यात प्या, दोननंतर बंद, कॅफिन अर्धं उतरायलाच पाच-सहा तास लागतात. जेवण घरून निघायच्या आधी करून जा, रात्री दोनला कॅन्टीनमध्ये भरपेट जेवू नका, त्या वेळी शरीर साखर नीट हाताळत नाही, यकृताचं स्वतःचं घड्याळ असतं आणि ते झोपलेलं असतं.

आता खोली, आणि हा भाग नागपूरकरांसाठी वेगळा लिहावाच लागतो. झोप लागायला शरीराचं आतलं तापमान थोडं खाली यावं लागतं, हात-पायांच्या त्वचेतून उष्णता बाहेर टाकून शरीर ते करतं. आपल्याकडे मे महिन्यात दुपारी ४५ म्हणजे काही विशेष नाही, २३ मे २०१३ ला ४७.९ नोंदलं गेलंय. अशा दिवशी वरच्या मजल्यावर स्लॅबखालच्या खोलीत उष्णता जाणार कुठे? गाढ झोप आणि रेम दोन्ही कमी होतात, रेममध्ये तर शरीराचं घाम-थंडीचं नियंत्रणच ढिलं पडलेलं असतं, म्हणून तिथून जाग येते. तळमजल्यावरची किंवा उत्तरेची खोली द्या, मुलांचा अभ्यास दुसरीकडे हलवा. कुलर उन्हाळ्यात उत्तम, टाकी सकाळी ते यायच्या आधी भरून ठेवा म्हणजे दुपारी कोरडी हवा फेकणार नाही, आणि एक खिडकी चार बोटं उघडी ठेवा, नाहीतर दमट होऊन उलट त्रास. कुलरच्या घरघरीची काळजी करू नका, तो एकसुरी आवाज भाजीवाल्याचा भोंगा, कचरागाडीचं गाणं, कुत्री हे सगळं बुडवतो. जुलै-ऑगस्टमध्ये कुलर चालत नाही, हवेतच ओल असते, तेव्हा पंखा आणि शक्य असेल तर एसी. खिडकीला जाड काळं कापड, फटीतून येणारी उन्हाची तिरीप डोळ्यावर नको. मोबाईल बाहेर, बेल बंद, आणि नातेवाईकांना स्पष्ट सांगा की नाईटच्या आठवड्यात दुपारी फोन करू नका. तुम्ही रात्री दोनला कोणाकडे जाऊन बेल वाजवाल का?

गोळ्यांचं. मेडिकल स्टोअरमधून मागून आणलेली झोपेची किंवा टेन्शनची गोळी घेऊ नका. अल्प्राझोलामसारख्या गोळ्या गाढ झोप कमी करतात, सवय लावतात, आणि घोरण्याचा आजार असेल तर श्वास आणखी दाबतात, संध्याकाळपर्यंत गुंगी राहते ती वेगळी. नाईट संपल्यावर दोन बीअर घेऊन झोपायची जी पद्धत तुम्ही लिहिली, ती तर थांबवायलाच हवी, दारूने डोळा पटकन लागतो पण सुरुवातीचं रेम दबतं आणि उतरल्यावर ते उसळून येतं, अर्धवट जागेपणी. स्लीप पॅरालिसिसला याहून चांगलं खत नाही. मेलाटोनिनला लोक झोपेची गोळी समजतात, पण ते अंधार झाल्याचा निरोप आहे, दिवसाच्या झोपेआधी छोट्या डोसमध्ये काहींना थोडा फायदा होतो, वेळ चुकली तर घड्याळ भलतीकडे सरकतं, म्हणून डॉक्टरांनी वेळ लिहून दिल्याशिवाय नको.

नोकरी सोडायची गरज मला आत्ता दिसत नाही. पण एक गोष्ट एचआरला किंवा युनियनला विचारा, शिफ्ट कुठल्या दिशेने फिरते? फर्स्ट, मग सेकंड, मग नाईट असं पुढे फिरणं शरीराला सोपं, कारण आपलं घड्याळ मुळातच जरा मागे पडणारं आहे, उशिरा झोपणं त्याला जमतं. नाईटवरून सेकंड, सेकंडवरून फर्स्ट असं उलटं फिरत असेल तर बदल मागा, यात कंपनीचा एक रुपया जात नाही. नाईटमधून फर्स्टला जाताना मधे पूर्ण सुट्टी मिळालीच पाहिजे.

आणि डॉक्टरकडे कधी, तर ते मोठ्याने घोरत असतील आणि मधे श्वास थांबून दचकून घुरका येत असेल, सकाळी डोकं दुखत असेल, बीपी वाढलेलं असेल तर थांबू नका, स्लीप अॅप्निया तपासायला हवा आणि त्यावर इलाज चांगला आहे. फर्स्ट शिफ्टच्या आठवड्यातही, पुरेशी झोप होऊनही दिवसा आवरत नसेल, किंवा जोरात हसताना गुडघे, मान एकदम ढिली पडत असेल तर तो नार्कोलेप्सी नावाचा वेगळा आजार असू शकतो, त्यात स्लीप पॅरालिसिस पण येतो. झोपेत हातपाय मारणं, ओरडणं, किंवा मन सतत उदास राहणं, जगणं नकोसं वाटणं, हेही सांगायलाच हवं. मेडिकलला, म्हणजे सरकारी मेडिकल कॉलेजच्या दवाखान्यात, किंवा मिहानच्या एम्सला मानसोपचार विभागाच्या ओपीडीत सुरुवात करता येते, गरज असेल तर ते पुढे पाठवतात. आणि वरचं सगळं नीट करूनही तीन महिने झोप तशीच राहिली तर निद्रानाशासाठीची वर्तनोपचार पद्धत आहे, गोळ्यांशिवायची, ती करू.

जायच्या आधी तीन आठवड्यांची वही करा, म्हणजे तिन्ही शिफ्ट त्यात येतील. रोज चारच गोष्टी, पडले कधी, उठले कधी, चहा-दारू किती वाजता, आणि गाडीवर किंवा कामावर डोळा लागला का. ती वही त्यांनी स्वतः लिहावी, तुम्ही नाही, आणि घोरण्याचा रेकॉर्ड मात्र तुम्ही मोबाईलवर करा, ते त्यांना करता येणार नाही. बाईकची किल्ली येत्या सोमवारपासून तुमच्याकडे ठेवा.